इंगळे मॅडमचं निळं

आमच्या कॉलेजात डॉक्टरेटवाले पुष्कळ होते. त्यांच्यापैकी एकाच व्यक्तीला आपल्या विषयातलं काही येत होतं, आणि नेमकी तीच कायम नोकरीत नव्हती. बाकीच्यांना काय येत होतं ते मला एकतीस वर्षांच्या नोकरीत कळलं नाही. मी ग्रंथपाल होतो. प्राध्यापकांची लायकी ग्रंथपालाला जेवढी कळते तेवढी प्राचार्यांनाही कळत नसते. कोण पुस्तक नेतो, कोण नुसता पंख्याखाली पेपर चाळत बसतो, आणि कोण चपराशाला पाठवून पोरांचं गाइड मागवतो, हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आमचे एक विभागप्रमुख तर वर्षातून एकदाच लायब्ररीत यायचे, ते खंडेनवमीला, पुस्तकांना हळदकुंकू वाहायला.

इंगळे मॅडम, म्हणजे शोभा इंगळे, वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जितके तास शिकवाल तितक्यापुरते तुम्ही आमचे. उन्हाळा लागला की तुम्ही कोणी नाही. जून आला की नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि मुलाखत घेणार कोण, तर ज्यांनी पदवीनंतर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला नाही असे लोक. मॅडमनी हे तेरा वर्षं केलं. दर जूनला तेच लोक त्यांना विचारायचे, "स्वतःविषयी थोडं सांगा." त्या म्हणायच्या, "मागच्या वर्षी सांगतलं तेच हाये, फक्त एक वर्ष जुनं झालं."

देऊळघाटहून रोज जीपने यायच्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, नखांच्या कडा कायम हिरव्यानिळ्या. पर्समध्ये पावडर नाही, आरसा नाही, एक छोटी पिवळ्या कागदांची चोपडी. त्यातली पट्टी फाडून कशातही बुडवायची आणि रंग बदलला की आंबट किती, अल्कली किती ते सांगायचं, हा त्यांचा छंद. कँटीनचा चहा, टँकरचं पाणी, कशालाही सोडलं नाही. एकदा संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला गुलाब सरबत होतं, त्यात भर सभेत पट्टी बुडवली आणि शेजारी बसलेल्या मला मोठ्याने म्हणाल्या, "आंबट हाये देशपांडे सर. याच्यात माहं निळं टिकनार नाई." अध्यक्षांचा सत्कार त्या वेळी चालू होता.

बोलायच्या अस्सल वऱ्हाडी. वर्गात, मीटिंगमध्ये, विद्यापीठाच्या माणसांसमोर, सगळीकडे. प्रमाण मराठी आणि इंग्रजी दोन्ही उत्तम यायचं, पण ते लोकांना बिचकवायला राखून ठेवलेलं. आणि प्रत्येक गोष्टीवर एक प्रश्न ठरलेला, "मोजलं का?" कोणी म्हणालं, यंदा पोरं फार बिघडली, तर "मोजली का?" कोणी म्हणालं, आमच्या संस्थेने जिल्ह्यात ज्ञानाची गंगा आणली, तर "मोजली का?" अशी बाई कोणाला आवडणार? मलाही सुरुवातीला आवडली नव्हती. माझ्या पुस्तकांच्या यादीतल्या चुका त्यांनी पहिल्याच महिन्यात काढल्या होत्या.

कॉलेजच्या मागे सिमेंटचे दोन उथळ हौद होते. कमळं लावायची म्हणून अध्यक्षांनी बांधून घेतले, फीत कापली, फोटो काढून घेतला आणि कमळं विसरले. मॅडमनी ते मागून घेतले. त्यात पाणी, खायचा सोडा, मीठ आणि प्रयोगशाळेतल्या दोन पुड्या टाकून त्यांनी शेवाळ वाढवलं. शेवाळ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "हे शेवाळ नाई, जिवाणू हाये. पुस्तकात नील-हरित शैवाल म्हनतात, तेही चूक." आणि लगेच पुढच्या वाक्यात त्या स्वतःच शेवाळ म्हणायच्या. दर दोन तासांनी बांबूने हौद ढवळायचा, नाहीतर ते वर साय धरतं आणि तळाला मरतं. तास चालू असला तरी मॅडम पोरांना आकृती काढायला लावून निघायच्या आणि ढवळून आल्यावर अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या.

आठवड्याने ते पाणी धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळलं की मेंदीच्या लगद्यासारखा हिरवा गोळा उरायचा. तो पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी वर निळं पाणी. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बरणी हातात घेऊन फिरवत राहिलो. असं निळं मी कुठल्या कापडात पाहिलं नव्हतं की फुलात. बरणी उन्हात धरली तर कडेने तांबूस झाक मारायची. "खाता येते," मॅडम म्हणाल्या आणि बोट बुडवून चाटलं. "जगात खायचं निळं किती गोष्टीत हाये, सांगा बरं. लोक कारखान्यातलं रसायन खाऊन राह्यले, अन् हे फुकटचं ऊन पिऊन वाढते."

स्टाफरूममध्ये याची चर्चा झाली नसती तर नवल. एक मराठीचे प्राध्यापक होते, गोड बोलून टोचण्यात वाकबगार. ते एकदा सगळ्यांसमोर हसत म्हणाले, "मॅडम, इतके रंग असताना तुम्हाला निळाच कसा सुचला?" कशाबद्दल बोलताहेत ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. एप्रिलातली जयंती पंधरा दिवसांवर होती. दोघेजण खाली बघून हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. मॅडमनी डबा बंद केला. "सर, हिरव्याच्या आत निळं आधीपासूनच असते. मी टाकलं नाई. भिजवलं की आपोआप बाहेर येते. तुमच्या आत काय हाये, ते एकदा भिजवून पाहा." त्या प्राध्यापकांनी नंतर सहा महिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि स्टाफरूममध्ये तेवढे सहा महिने बरे गेले.

हे निळं विकत घ्यायला पहिला माणूस पुढे आला तो रऊफभाई कुल्फीवाला. धाड गावच्या आठवडी बाजारात त्याची गाडी. पहिल्याच दिवशी त्याने बाटली उकळत्या दुधात रिकामी केली. कढईत काय झालं असेल? राखेच्या पाण्यासारखं दूध. तो कॉलेजात आला तो तणतणतच. "मॅडम, ये रंग तो एकदम नाजूक निकला."

"रंग नाजूक नाई रऊफभाई, तुमचा हात आडदांड हाये. उकळ्यात कोनी जिवंत राह्यते का? दूध आटवा, थंड करा, बोट घालता आलं पायजे, मंग टाका."

"लेकिन मॅडम, रंग तं चुलीवरच टाकते ना सगळे."

"सगळे टाकतात तो रंग मेलेलाच रायते. त्याले काय फरक पडते?"

पुढच्या बाजाराला निळी कुल्फी झाली. पोरं जिभा काढून एकमेकांना दाखवत फिरली. मॅडम गाडीशेजारी उभ्या राहून जिभा मोजत होत्या. खरंच मोजत होत्या, मी पाहिलंय.

दुसरं गिऱ्हाईक जळगाव जामोदचा एक आइस्क्रीमवाला. त्याला मॅडमनी एस.टी.ने बाटली पाठवली. आपल्याकडे पार्सल म्हटलं की कंडक्टर ते ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवतो, कारण ती जागा मोकळी आणि नजरेसमोर. राजूर घाट उतरला की ऊन बदलतं, आणि झाकणावर तर पोळी भाजावी. बाटली पोचली तेव्हा आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी होतं. आइस्क्रीमवाल्याने फोनवर मॅडमना फसवणूक करणारी म्हटलं. दुसऱ्या रविवारी मॅडम स्वतः गेल्या, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन, पूर्ण रस्ता. त्याच्या दुकानात बाटली ठेवली, एक थेंब थंड दुधात टाकून दाखवला आणि म्हणाल्या, "आता माफी मागा, मंग भाव सांगतो." त्याने मागितली. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्या माणसानेच पुढे सांगितलं, आणि कौतुकाने सांगितलं.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं, म्हणजे वरच्या लोकांचं लक्ष नव्हतं. मग अध्यक्षांनी कुठल्याशा लग्नात ऐकलं की शेवाळापासून इंधन होतं. झालं. त्याच वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. अध्यक्षांनी मीटिंग बोलावली आणि जाहीर केलं, "आपला जनरेटर शैवालाच्या तेलावर चालणार. निळ्याबिळ्याला कोण विचारतो? इंधन म्हटलं की माणूस उभा राहून ऐकतो."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, माह्या हौदातल्या शेवाळात तेल नसल्यासारखंच हाये. याच्यात निळं हाये. ज्याच्यात तेल असते ते शेवाळ वेगळं, अन् त्यातूनही ते काढाले जेवढं डिझेल जाते तेवढं हातात येत नाई अजून. निळं काढल्यावर जो चोथा उरते, तो मी होस्टेलच्या गोबरगॅसमध्ये टाकून राह्यली. त्याच्या जाळावर चहा होते. तेवढं खरं हाये, तेवढं दाखवू."

"चहा?" अध्यक्षांनी सगळ्यांकडे बघितलं. सगळे हसले, कारण अध्यक्षांनी बघितलं होतं. "मॅडम, समितीला चहा आपण तसाही देणार आहोत."

मीटिंगनंतर प्राचार्यांनी मॅडमना थांबवून घेतलं, आणि रजिस्टरवर सही हवी होती म्हणून मी तिथेच होतो. प्राचार्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. मॅडमना कायम करण्याचा ठराव, टाइप केलेला, फक्त तारीख घालायची बाकी. "समिती गेली की त्याच संध्याकाळी सही. तुम्ही काही बोलायचं नाही. फक्त हौदाशेजारी उभं राहायचं. आता वय बघा मॅडम, अजून किती जून काढणार?" हे बोलताना त्यांचा आवाज खरोखर मायेचा होता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. मॅडमच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, शिकणारी भाची होती. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग तो टेबलावर ठेवला आणि हौद ढवळायला गेल्या.

आता पुढचं माझं. हौदाशेजारी लावायचा फलक लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि भाषा शुद्ध. ‘शैवालातून तेल : स्वयंपूर्णतेकडे आमची वाटचाल.’ तो मी लिहिला. कोणी माझ्या डोक्यावर बंदूक धरली नव्हती. रफार नीट दिला, उकार-वेलांट्या तपासल्या, खाली निळ्या रंगाची रेघ मारली.

समिती यायच्या आदल्या दिवशी जे झालं ते आमच्याच कॉलेजात होऊ शकतं. प्राचार्यांनी उजाडताच परिसर स्वच्छतेचा हुकूम काढला. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, आणि ‘मागील बाजूची सर्व घाण, शेवाळ इत्यादी काढून टाकावे.’ माणसांनी हुकूम वाचला आणि दोन्ही हौद ब्लीचिंग पावडर टाकून लख्ख घासले. ज्या शेवाळासाठी समिती येणार, तेच शेवाळ समिती येणार म्हणून धुऊन काढलं! मॅडम सकाळी आल्या तर हौद पांढरेशुभ्र.

"कोनं सांगतलं हे?" त्यांनी घासणाऱ्या माणसाला विचारलं.

"साहेबायनं, मॅडम. म्हने शेवाळ राह्यलं तं पाहुन्यायले कसं दिसन."

मॅडम हौदाच्या काठावर बसल्या आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की तो माणूस घाबरून पाणी आणायला गेला. मी खिडकीतून बघत होतो. हसणं कधी थांबलं आणि तोंडावर पदर कधी आला ते मला नीट कळलं नाही. घरी दोन टबांत मूळ बियाणं होतं म्हणून सगळं बुडालं नाही, पण हौद पुन्हा भरायला महिना लागला असता आणि हातात एक दिवस होता.

एवढ्यावर थांबतील तर ते आमचे प्राचार्य कसले. संध्याकाळी हौद नव्या पाण्याने भरले आणि बाजारातून मिठाईचा हिरवा रंग आला. अर्धा डबा एका हौदात, अर्धा दुसऱ्यात. जनरेटरमध्ये पंपावरचं डिझेल, आणि त्याच्या टाकीवर मी लिहिलेली चिठ्ठी, ‘शैवाल-तेल.’

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघे जण, आणि प्रमुख एक वयस्क बाई, शास्त्राच्या प्राध्यापिका, विद्वान म्हणून गाजलेल्या. त्यांनी हौदात बोट बुडवलं, वर काढून बघितलं, "अहाहा, काय दाट वाढलंय!" बोट हिरवंगार. ज्या हौदात आदल्या दिवशी ब्लीचिंग होतं, तिथे शास्त्राच्या प्राध्यापिकेला जीवसृष्टी दिसली. मग जनरेटर सुरू केला. त्याने नेहमीसारखा काळा धूर सोडला. प्रमुख बाई म्हणाल्या, "प्रक्रिया कोण सांगेल?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं होतं, पण मॅडम एक पाऊल पुढे आल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कॉलेजात प्रमाण मराठी काढलं.

"टाकीत डिझेल आहे. हौदात मिठाईचा रंग आहे. शैवाल काल धुऊन टाकलं. त्यात तेल जवळपास नसतंच, त्यात निळं असतं." त्यांनी पर्समधून एक लहान बाटली काढली. "ते एवढं उरलंय. हे खरं आहे. हे बघा."

मी प्राचार्यांच्या मागे उभा होतो. त्यांची मान घामाने भिजलेली दिसली. मग अध्यक्ष मोठ्याने हसले. "आमच्या मॅडम फार गमतीदार आहेत! पोरं यांच्या तासाला पोट धरून हसतात." मागोमाग प्राचार्य हसले. मराठीचे प्राध्यापक हसले. आणि मग, मी हे अजून विसरू शकत नाही, समितीतले दोघे हसले आणि प्रमुख बाईही हसल्या, हिरवं बोट रुमालाला पुसत. "छान, छान. शास्त्रज्ञाला विनोदबुद्धी हवीच." जेवणाची वेळ झाली होती, आत मांडे तयार होते. सगळे आत गेले. बाटलीकडे कोणी पाहिलं नाही. अहवालात आमच्या उपक्रमाला ‘अनुकरणीय’ म्हटलं गेलं.

खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांचा मला फारसा राग येत नाही. पण समोर ठेवलेलं खरं विनोद म्हणून हसून टाकणारी ती तीन विद्वान डोकी आठवली की आजही माझं डोकं तापतं.

जूनमध्ये मॅडमना तास दिले गेले नाहीत. ठरावात दुसरं नाव बसलं, अध्यक्षांच्या बहिणीच्या मुलाचं. त्याने आयुष्यात एकदाच शेवाळ हाताळलं असेल, न्हाणीघरात घसरला तेव्हा.

पुढे अहवालाच्या जोरावर कॉलेजला ‘शैवाल केंद्र’ मंजूर झालं. इमारत झाली, पाटी झाली, यंत्रं आली. नव्हतं ते फक्त शेवाळ. भाच्याने कुठून कुठून मागवलं, ते आठवड्यात मरायचं, कारण ढवळायचं कोणी? शेवटी प्राचार्यांनी मला बोलावलं. "तुमचं त्यांच्याशी बरं होतं. एक बाटलीभर जिवंत बियाणं मागून आणा. संस्थेचा प्रश्न आहे." मी नाही म्हणायला हवं होतं. रिकामी बाटली पिशवीत घालून देऊळघाटला गेलो.

मॅडमचं घर गावाच्या कडेला. अंगणात पत्र्याचं छप्पर, खाली ओळीने पांढरे टब, वर जाळी. प्रत्येक टबात गडद, दाट, हलतं पाणी. रऊफभाईची माणसं दोन दिवसांआड निळं न्यायला येत असत. मॅडमचे केस पांढरे झाले होते. हातात बांबू होता. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

"या सर. कोनी धाडलं?"

मी सांगितलं. त्या ढवळत राहिल्या.

"देईन. हे कोनाच्या बापाचं नाई, मागन त्याले द्याचं. पन एक काम करा. त्या केंद्राच्या दारावर तुमच्या हातानं एक फलक लिहा. ‘याच्यात तेल नाही. याच्यात निळं आहे. पहिला फलक खोटा होता.’ खाली तुमची सही. दुसऱ्या कोनाची नको. तो पहिला कोनं लिहिला ते अक्षरावरूनच वळखलं होतं मी."

त्यांनी आतून खरंच एक पांढरा पत्रा आणला, ब्रश आणला, माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. ब्रशही चांगला होता. मी तो हातात घेतला. पहिलं अक्षर काढायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. मी ब्रशचे केस अंगठ्याने सरळ करत राहिलो.

"मॅडम," मी म्हणालो, "माझी दोन वर्षं उरलीत हो. पेन्शनचे कागद त्यांच्याच हातात आहेत."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. कोणालाच न सोडणारी ती बाई मला सोलून काढील, आणि ते मला हवंही होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "जाऊ द्या सर," त्या म्हणाल्या, अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं. माझ्या हातातून ब्रश काढून घेतला, पत्रा भिंतीला टेकवला आणि पुढच्या टबाकडे गेल्या. इतका अपमान माझा कोणी केला नाही.

रिकामी बाटली घेऊन परत आलो. प्राचार्यांना सांगितलं, मॅडमकडचं सगळं बियाणं मेलंय. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

मेलं नव्हतं. मी फाटकातून वळून पाहिलं तेव्हा मॅडम शेवटच्या टबापाशी वाकून बांबू फिरवत होत्या, आणि तळाचं हिरवं वर येत होतं.